जबड्याच्या सांध्याचे विकार आणि आरोग्य विमा : वैद्यक व दंतवैद्यक यांच्या सीमेवरील एक प्रश्न

प्रस्तावना

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत प्रत्येक विकाराला सांकेतिक क्रमांक दिलेला आहे. गुडघा, खांदा, खुबा यांच्या सांध्यांचे विकार त्यात अस्थी व स्नायूंच्या प्रकरणात, 'एम' या अक्षराखाली येतात. जबड्याच्या सांध्याचा विकार मात्र 'के ०७.६' या क्रमांकाने, म्हणजे पचनसंस्थेच्या विकारांच्या प्रकरणात, दात व तोंड यांच्या रोगांसोबत नोंदविलेला आहे. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून स्वतःची जी सुधारित आवृत्ती वापरात आणली, तिच्यात हाच विकार 'एम २६.६' या क्रमांकाखाली अस्थी व स्नायूंच्या प्रकरणात हलविण्यात आला. सांधा तोच, वेदना तीच; परंतु एका ग्रंथात तो तोंडाचा भाग आहे आणि दुसऱ्या ग्रंथात हाडांचा.

वर्गीकरणकारांपुरता हा प्रश्न राहिला असता तर त्याची दखल घेण्याचे फारसे कारण नव्हते. परंतु भारतातील आरोग्य विम्याच्या दाव्याच्या प्रमाणित अर्जात रुग्णालयाने भरावयाच्या भागात याच दहाव्या आवृत्तीचा क्रमांक लिहावा लागतो, आणि अर्ज तपासणाऱ्याच्या मनात 'हा दाताचा आजार की शरीराचा?' हा प्रश्न तेथूनच उभा राहतो. या प्रश्नाच्या उत्तरावर दावा मंजूर होणे अवलंबून असते. प्रस्तुत लेखात जबड्याच्या सांध्याच्या उपचारांना विम्याचे संरक्षण कोठे मिळते, कोठे मिळत नाही, आणि त्यामागील कारणे कोणती, याचा विचार केलेला आहे.

सांधा आणि त्याचे विकार

कानाच्या लगेच पुढे बोट ठेवून तोंड उघडले असता जे हाड हलताना जाणवते, तो खालच्या जबड्याचा वरचा गोलाकार भाग होय. कानशिलाच्या हाडातील खोबणीत तो बसतो आणि दोहोंच्या मध्ये एक लवचीक चकती असते. शरीरातील बहुतेक सांधे एकेकटे काम करतात. जबड्याचे डावे व उजवे सांधे मात्र एकाच हाडाने जोडलेले असल्याने एकाला दुसऱ्यावाचून हलता येत नाही. शिवाय हा सांधा बिजागरीसारखा फिरतो आणि पुढे सरकतोही. बोलणे, चावणे, जांभई देणे, गिळणे या साऱ्या क्रियांत तो गुंतलेला असतो.

त्याचे विकार एकाच जातीचे नसतात. चावण्याच्या स्नायूंतील वेदना हा सर्वांत सामान्य प्रकार. चकती जागेवरून सरकल्याने तोंड उघडताना 'कट्' असा आवाज येणे किंवा जबडा मध्येच अडकणे हा दुसरा. सांध्याची झीज हा तिसरा. अमेरिकेच्या राष्ट्रीय दंत व मुख-शीर्ष संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार या विकारांचे लोकसंख्येतील प्रमाण ५ ते १२ टक्के असून स्त्रियांत ते पुरुषांपेक्षा अधिक आढळते. या तिन्हींहून वेगळा आणि भारतीय रुग्णालयांना चांगलाच परिचित असलेला प्रकार म्हणजे सांधा जखडणे. लहानपणी हनुवटीवर पडल्याने किंवा कानाचा जंतुसंसर्ग सांध्यापर्यंत पोहोचल्याने हाडाला हाड जुळून येते आणि मुलाचे तोंड उघडेनासे होते. अशा मुलाला भाकरीचा तुकडाही दातांच्या फटीतून सरकवावा लागतो. त्याच्या खालच्या जबड्याची वाढ खुंटते, हनुवटी मागे जाते आणि झोपेत श्वास कोंडू लागतो.

या विकारांचे रुग्ण प्रथम दंतवैद्याकडे जातातच असे नाही. कानशिलात ठणका, कान दुखणे, डोके दुखणे अशा तक्रारी असल्याने कान-नाक-घशाचे तज्ज्ञ, मज्जाविकारतज्ज्ञ, अस्थितज्ज्ञ अशी फेरी अनेकदा होते. या विकाराला वैद्यकीय वाङ्मयात ठळक स्थान मिळवून देणारे जेम्स कॉस्टन हे सेंट लुईस येथील कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. १९३४ साली त्यांनी कानाच्या तक्रारींचा संबंध जबड्याच्या सांध्याशी जोडला आणि त्याचे मूळ दाढा गेल्यामुळे बिघडलेल्या दंतजुळणीत असल्याचे सांगितले. त्यांचा हा कार्यकारणभाव पुढे टिकला नाही. पण त्यामुळे हा विकार दंतवैद्यांच्या अंगणात आला, तो तेथेच राहिला. एका कानाच्या डॉक्टरने सांधा दंतवैद्यांच्या हवाली केला, ही या इतिहासातील गंमतच म्हणावी लागेल.

दंतवैद्यकाची वेगळी वाट

दंतवैद्यक ही वैद्यकाची शाखा न राहता स्वतंत्र व्यवसाय का झाली, हे पाहिल्याशिवाय विम्यातील पेच कळत नाही. १८४० साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे जगातील पहिले दंत महाविद्यालय वैद्यकीय महाविद्यालयापासून वेगळे स्थापन झाले. भारतात १९२० साली डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात दंत महाविद्यालय सुरू केले, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने या व्यवसायाची नोंदणी व परिषद वैद्यकीय परिषदेहून स्वतंत्र झाली. परिणामी भारतात जबड्याच्या सांध्याची शस्त्रक्रिया करणारे मुखशल्यचिकित्सक हे सामान्यतः बी.डी.एस. व त्यानंतर एम.डी.एस. झालेले, दंतपरिषदेकडे नोंद असलेले तज्ज्ञ असतात.

आरोग्य विमा मात्र वैद्यकाच्या साच्यात घडला. भारतात १९८६ साली सार्वजनिक क्षेत्रातील विमा कंपन्यांनी 'मेडिक्लेम' ही योजना आणली, तेव्हापासून दंतोपचार हा तिच्या अपवादांच्या यादीत राहिला. त्यामागील तर्क समजण्याजोगा आहे. दात किडणे, झिजणे हे जवळजवळ प्रत्येकाला होणारच असते आणि ज्या घटनेची खात्रीच आहे तिचा विमा उतरविता येत नाही. जबड्याच्या सांध्याला मात्र हा तर्क लागू होत नाही. तो प्रत्येकाचा बिघडत नाही, आणि ज्याचा बिघडतो त्याला तो केव्हा बिघडेल हे आधी सांगता येत नाही. विम्याच्या शास्त्रानुसार हा सांधा गुडघ्याच्या बाजूचा आहे, दाताच्या नव्हे. तरीही उपचार करणारा दंतवैद्य असल्याने तो अपवादात ओढला गेला.

'दंतोपचार' या शब्दाची व्याख्या

विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०१३ साली आरोग्य विम्यातील संज्ञांचे प्रमाणीकरण केले. त्या वेळच्या व्याख्येत दंतोपचार म्हणजे दंतवैद्याने केलेला उपचार असे सूत्र होते. तपासणी, दात भरणे, टोपी बसविणे, दात काढणे व शस्त्रक्रिया यांचा त्यात समावेश होता. कोणत्या अवयवावर उपचार झाला याला तेथे महत्त्व नव्हते. कोणी केला हे महत्त्वाचे होते. या व्याख्येनुसार मुखशल्यचिकित्सकाने जबड्याचा जखडलेला सांधा मोकळा केला तरी तो दंतोपचारच ठरू शकत होता.

२०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ही व्याख्या बदलली. दंतोपचार म्हणजे दातांशी किंवा दातांना आधार देणाऱ्या रचनांशी संबंधित उपचार, असे तिचे नवे रूप झाले. २०२० च्या संकलित परिपत्रकातही ती कायम राहिली. वरवर पाहता हा किरकोळ शब्दबदल आहे. परंतु जबड्याच्या सांध्याच्या दृष्टीने तो मूलगामी आहे. कसोटी आता डॉक्टरच्या पदवीची उरली नाही, अवयवाची झाली. दातांना आधार देणाऱ्या रचना म्हणजे हिरड्या, दाताच्या मुळाभोवतीचे तंतू व आवरण आणि दात ज्यात रुतलेले असतात तो हाडाचा कंगोरा. कानापुढचा सांधा यांपैकी काहीच नाही. शब्दांचा सरळ अर्थ घेतला तर २०१६ नंतर जबड्याच्या सांध्याचा उपचार दंतोपचाराच्या अपवादात बसत नाही.

या वाचनाला बाहेरचाही एक आधार आहे. अमेरिकेतील ज्येष्ठ नागरिकांच्या 'मेडिकेअर' योजनेच्या १९६५ च्या कायद्यात दंतसेवा वगळणारे जे कलम आहे, त्याचे शब्द जवळपास असेच आहेत : दात किंवा दातांना थेट आधार देणाऱ्या रचना. तेथील प्रशासकीय नियमावलीत या रचनांची फोड करून दिली आहे. तीत हिरडी, दंतमूळ-आवरण, तंतू व दंतकंगोरा एवढेच येते.

मग दावे अडतात कोठे? पहिली अडचण 'वैद्यकीय व्यावसायिक' या संज्ञेत आहे. तिच्या व्याख्येत राज्य वैद्यकीय परिषद, भारतीय वैद्यकीय परिषद, भारतीय चिकित्सापद्धती व होमिओपॅथी यांच्या परिषदांकडील नोंदणीचा उल्लेख आहे, दंतपरिषदेचा नाही. आयुर्वेदाच्या पदवीधराला जी संज्ञा सामावून घेते, ती शस्त्रक्रिया करणाऱ्या एम.डी.एस. तज्ज्ञाला अक्षरशः सामावून घेत नाही. २०१६ साली दंतोपचाराची व्याख्या सुधारली गेली, पण तिच्या शेजारची ही व्याख्या तशीच राहिली. अनेक कंपन्या हा मुद्दा उपस्थित करीत नसतीलही. परंतु तो उपस्थित होऊ शकतो, हीच त्रुटी आहे, आणि ती प्राधिकरणाने एका वाक्याने दूर करण्याजोगी आहे.

दुसरी अडचण उलट दिशेची. हा दाताचा नव्हे, सांध्याचा विकार असे मान्य झाले की सांध्याच्या विकारांसाठीचा प्रतीक्षाकाल पुढे येतो. १ एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांना विकावी लागणारी 'आरोग्य संजीवनी' ही प्रमाणित पॉलिसी याचे उदाहरण आहे. तीत अपघातजन्य कारण नसल्यास सांधेरोपणासाठी मूळ मसुद्यात ४८ महिन्यांचा प्रतीक्षाकाल होता. २०२४ च्या नियमांनी अशा प्रतीक्षाकालाची कमाल मर्यादा ३६ महिन्यांवर आणली. म्हणजे रुग्णाने सांध्याची ओळख सिद्ध केली, तरी पुढील दारावर त्याला थांबावे लागू शकते. तिसरी अडचण सौंदर्यशस्त्रक्रियेच्या अपवादाची. जखडलेल्या सांध्यामुळे मागे गेलेली हनुवटी पुढे आणण्याची शस्त्रक्रिया श्वासमार्ग मोकळा करण्यासाठी असते, पण कागदावर ती चेहऱ्याची शस्त्रक्रिया दिसते. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना आणि आरोग्याला असलेला थेट व तात्काळ धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार या अपवादातून मुक्त आहेत. म्हणून अशा प्रकरणी निद्रातपासणीचा अहवाल दाव्याला जोडलेला असणे निर्णायक ठरते.

येथे 'आरोग्य संजीवनी'चा आणखी एक विशेष नोंदविला पाहिजे. आजार किंवा इजा यांमुळे आवश्यक झालेला दंतोपचारही तिच्या रुग्णालयीन संरक्षणात समाविष्ट आहे. त्यामुळे या पॉलिसीपुरता 'दात की सांधा' हा वादच बहुतांशी निरर्थक ठरतो. महागड्या पॉलिसीपेक्षा या साध्या पॉलिसीचे शब्द रुग्णाला अधिक उपयोगी पडावेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

चोवीस तासांची अट

व्याख्यांचा प्रश्न सुटला तरी मोठा प्रश्न उरतोच. भारतीय आरोग्य विमा मुळात रुग्णालयात दाखल होण्याचा विमा आहे. किमान सलग २४ तास आंतररुग्ण म्हणून राहणे ही त्याची मूळ अट. तंत्रज्ञानातील प्रगतीमुळे २४ तासांपेक्षा कमी वेळात होऊ लागलेल्या, भूल देऊन केलेल्या दिवसभराच्या उपचारांना सूट आहे. मात्र सामान्यतः बाह्यरुग्ण विभागात घेतला जाणारा उपचार त्यातून स्पष्ट शब्दांत वगळलेला आहे. रुग्णालयाची व्याख्याही खाटांवर आधारलेली आहे. नोंदणी नसल्यास दहा लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावात किमान १० व अन्यत्र किमान १५ खाटा असाव्या लागतात. तेव्हा सांध्यात सुई घालून तो धुण्याची जी प्रक्रिया १९९१ पासून रूढ झाली, ती दंतवैद्याच्या खुर्चीत झाली तर दाव्याचा प्रश्नच येत नाही. तीच प्रक्रिया रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात झाली तर निदान दावा दाखल करता येतो.

आता वैद्यकीय ज्ञान काय सांगते ते पाहणे आवश्यक आहे. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने डिसेंबर २०२३ मध्ये जबड्याच्या विकारांतील जुनाट वेदनेवरील उपचारांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ठाम शिफारस ज्या उपचारांची करण्यात आली ते असे : वेदनेकडे पाहण्याची दृष्टी व सवयी बदलणारे मानसोपचार, तज्ज्ञाच्या हातून जबड्याची हालचाल करून घेणे, स्नायूंतील दुखऱ्या गाठींवरील हस्तोपचार, देखरेखीखालील जबड्याचे व शरीरस्थितीचे व्यायाम, आणि नेहमीचा सल्ला व स्वतः घ्यावयाची काळजी. दात खाण्याच्या सवयीवर सर्रास दिल्या जाणाऱ्या, काढता-घालता येणाऱ्या दंतपट्टीबाबत या तत्त्वांनी सौम्य का होईना, प्रतिकूल मत दिले आहे. सांधा धुण्याच्या प्रक्रियेबाबतही तसेच. चकती काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेविरुद्ध तर ठाम शिफारस आहे. जखडलेला सांधा किंवा पूर्ण नष्ट झालेला सांधा यांची गोष्ट वेगळी. तेथे शस्त्रक्रियेला पर्याय नसतो. पण बहुसंख्य रुग्ण त्या गटातील नसतात.

या शिफारशी विम्याच्या अटींशेजारी ठेवून पाहिल्या तर विसंगती उघड होते. ज्या उपचारांची ठाम शिफारस आहे, त्यांपैकी एकासाठीही खाट लागत नाही. म्हणून त्यांपैकी एकालाही नेहमीच्या पॉलिसीत पैसे मिळत नाहीत. ज्या उपचाराविरुद्ध ठाम शिफारस आहे तो शस्त्रक्रियागृहात होतो आणि म्हणून दाव्यास पात्र ठरू शकतो.

समजा, एका पस्तीस वर्षांच्या अध्यापिकेला तीन महिन्यांपासून कानशिलात वेदना आहे, तोंड पूर्ण उघडत नाही आणि सलग दोन तासिका घेतल्यावर बोलणे अवघड होते. तिला भौतिकोपचारतज्ज्ञाकडे आठवड्यातून दोन वेळा, असे दोन-अडीच महिने जावयाचे आहे. हा सारा खर्च तिचा तिलाच करावा लागेल. तिने शस्त्रक्रिया करून घेतली तर मात्र 'आरोग्य संजीवनी'सारख्या पॉलिसीत दाखल होण्यापूर्वीचे ३० दिवस व घरी आल्यानंतरचे ६० दिवस यांतील संबंधित खर्च ग्राह्य धरला जातो. तोच भौतिकोपचारतज्ज्ञ, तेच व्यायाम, तोच जबडा. शस्त्रक्रियेनंतर ते विम्याला मान्य आहेत आणि शस्त्रक्रिया टाळण्यासाठी केले तर मान्य नाहीत. विम्याने रुग्णाला शस्त्रक्रियेकडे ढकलले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, परंतु दुसऱ्या वाटेवर त्याने दिवा लावलेला नाही, एवढे निश्चित.

शस्त्रक्रियेकडे घाईने वळण्याची किंमत अमेरिकेत मोजली गेलेली आहे. १९८० च्या दशकात ह्यूस्टन येथील 'व्हायटेक' कंपनीचे टेफ्लॉनमिश्रित सांध्याचे रोपण अनेक रुग्णांना बसविण्यात आले. चावण्याच्या दाबाखाली ते झिजून त्याचे कण आसपासच्या हाडात पसरले, शरीराने त्यांना विरोध केला आणि हाड झिजत गेले. १९९० मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली व १९९०-९१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा देऊन हे रोपण परत घेण्याची कारवाई केली. कित्येक रुग्णांवर त्यानंतर वारंवार शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. आजची कृत्रिम सांध्यांची साधने त्याहून पुष्कळ सुधारलेली आहेत. तथापि सौम्य उपचारांची पायरी आर्थिक कारणाने ओलांडली जाऊ नये, हा धडा साधनांच्या सुधारणेने जुना होत नाही.

विमा कंपन्यांची बाजूही येथे विचारात घेतली पाहिजे. बाह्यरुग्ण उपचारांचे दावे लहान व असंख्य असतात आणि एका दाव्याच्या तपासणीचा खर्च कधी कधी दाव्याच्या रकमेजवळ पोहोचतो. शिवाय सांध्याच्या दुखण्याच्या नावाखाली संपूर्ण दंतपंक्ती घासून नव्या टोप्या बसविण्यासारखे, परत न फिरविता येणारे व पुराव्याचे पाठबळ नसलेले उपचार केले जातात, ही शंका निराधार नाही. परंतु त्यावरील उपाय सरसकट नकार हा नसून मर्यादित व निश्चित स्वरूपाचे संरक्षण हा आहे. तज्ज्ञाच्या निदानानंतर ठरावीक संख्येच्या भौतिकोपचार बैठका एवढेच जरी पॉलिसीत लिहिले गेले, तरी वरील उदाहरणातील अध्यापिकेचा प्रश्न बराचसा सुटेल.

शासकीय योजना

शासकीय योजनांत जबड्याच्या सांध्याला स्थान मिळाले ते जखडलेल्या सांध्याच्या रूपाने. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेच्या उपचारसूचीत मुखशल्यचिकित्सेचा स्वतंत्र विभाग ठेवण्यात आला आणि त्यात जबड्याच्या हाडांचे अस्थिभंग, गाठी यांच्याबरोबर जखडलेल्या सांध्याची शस्त्रक्रियाही समाविष्ट झाली. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि २०२० पासून ती केंद्राच्या योजनेसह एकत्रितपणे राबविली जाते. गरीब कुटुंबातील ज्या मुलाचे तोंड उघडत नाही त्याच्यासाठी हे संरक्षण मोलाचे आहे.

मात्र येथेही मुदतीचा प्रश्न आहे. केंद्रीय योजनेत रुग्णालयातून घरी गेल्यानंतर १५ दिवसांपर्यंतचाच खर्च धरला जातो. जखडलेला सांधा मोकळा केल्यावर तोंड उघडण्याचे कष्टदायक व्यायाम कित्येक महिने नेमाने केले नाहीत, तर सांधा पुन्हा जखडतो, हे शल्यचिकित्सकांना पूर्णपणे ठाऊक असते. शस्त्रक्रियेचा खर्च शासन करते आणि ती यशस्वी करणारा व्यायामाचा काळ कुटुंबावर सोडते. गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणी दर आठवड्याला येण्याजाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब कोणत्याच उपचारसूचीत नसतो.

कर्मचारी राज्य विमा योजना यास सन्माननीय अपवाद आहे. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेली ही योजना दवाखान्यांमार्फत बाह्यरुग्ण सेवाही देते. प्रत्यक्षातील सेवेचा दर्जा हा वेगळा विषय आहे. पण रचनेच्या दृष्टीने पाहता जुन्या सामाजिक विम्याला जे साधले ते नव्या व्यापारी विम्याला अद्याप साधलेले नाही.

अमेरिकी राज्यांचे कायदे

याच पेचावर अमेरिकेतील काही राज्यांनी कायद्याने तोडगा काढला. त्यांतील मिनेसोटा व टेक्सास या दोन राज्यांची तुलना बोधक आहे. मिनेसोटाच्या कायद्याने जबड्याच्या सांध्याच्या विकारांवरील शस्त्रक्रियात्मक व शस्त्रक्रियेवाचूनचे, असे दोन्ही उपचार शरीरातील इतर सांध्यांच्या धर्तीवर ग्राह्य धरणे बंधनकारक केले. उपचार डॉक्टरने केला की दंतवैद्याने, हा भेदही काढून टाकला. टेक्सासच्या कायद्यानेही इतर सांध्यांशी समानता मान्य केली, परंतु ती निदान व शस्त्रक्रिया यांपुरती. दोन्ही कायदे रुग्णाच्या बाजूने केलेले. पण एकाने व्यायामाला जागा दिली आणि दुसऱ्याने दिली नाही. कायद्यातील एखादे विशेषण गळाले की रुग्णाच्या वाट्याला काय येते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

या कायद्यांची पोहोचही मर्यादित राहिली. १९७४ च्या संघीय कायद्यामुळे, ज्या मालकांनी कर्मचाऱ्यांच्या आरोग्यखर्चाची जोखीम स्वतःच उचललेली आहे त्यांच्या योजनांना राज्यांचे असे आदेश लागू होत नाहीत. २०२० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान, अभियांत्रिकी व वैद्यक अकादमींनी या विकारांवर प्रसिद्ध केलेल्या विस्तृत अहवालात वैद्यक आणि दंतवैद्यक यांच्यातील भिंत हीच रुग्णांच्या हालांचे एक प्रमुख कारण असल्याचे नमूद केले आहे. भारतात आरोग्य विम्याचे नियमन एकाच केंद्रीय प्राधिकरणाकडे असल्याने राज्यागणिक वेगळ्या कायद्यांचा हा गुंता येथे नाही. मिनेसोटाला कायदेमंडळात जे करावे लागले, ते येथे एका परिपत्रकाने होऊ शकते.

दावा नाकारला गेल्यास

तोपर्यंत विमाधारकाच्या हाती जे आहे ते कागदपत्रांत आहे. 'टी.एम.जे. वेदना' एवढेच निदान लिहिलेले प्रमाणपत्र फारसे उपयोगी पडत नाही. विकाराचा नेमका प्रकार, तोंड किती मिलिमीटर उघडते याची नोंद, एम.आर.आय. किंवा सी.टी. तपासणीचा अहवाल, आधी केलेले सौम्य उपचार व त्यांचा परिणाम, आणि दाखल होणे का आवश्यक होते याचे कारण एवढे त्यात असले पाहिजे. अपघाताचा पूर्वेतिहास असल्यास तो आवर्जून नोंदवावा, कारण सांधेरोपणाच्या प्रतीक्षाकालाला त्यामुळे अपवाद मिळतो. शक्य असेल तेथे मुखशल्यचिकित्सकाबरोबर वैद्यकीय परिषदेकडे नोंद असलेल्या तज्ज्ञाचाही अभिप्राय घ्यावा.

प्राधिकरणाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या दावे पुनर्विलोकन समितीच्या संमतीवाचून दावा नाकारता येत नाही आणि नकार देताना पॉलिसीतील विशिष्ट अटीचा निर्देश करावा लागतो. तो निर्देश दंतोपचाराच्या अपवादाचा असेल, तर वर चर्चिलेली २०१६ ची व्याख्या उत्तरात शब्दशः उद्धृत करावी. विमापत्रातील संदिग्ध शब्दांचा अर्थ विमाधारकाच्या बाजूने लावावा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या पुष्पालय प्रिंटर्स प्रकरणातही स्वीकारलेले आहे. कंपनीकडे लेखी तक्रार करूनही महिन्याभरात उत्तर न आल्यास किंवा आलेले उत्तर असमाधानकारक असल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात त्यांची कार्यालये मुंबई व पुणे येथे आहेत. २०१७ च्या नियमांनुसार ही तक्रार कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत करावी लागते, तिला शुल्क नाही, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असून ३० दिवसांत त्याचे पालन करावे लागते.